अंध खेळाडूंना खेळता येईल असा गेम कसा बनवायचा

गेम बनवणाऱ्यांशी या विषयावर बोललं की बहुतेक वेळा पहिलं वाक्य येतं, अहो पण आमचा गेम सगळा बघण्याचाच आहे, तो अंध माणूस खेळणार कसा. तर आधी हे बघा की अंध लोक आत्ता काय काय खेळतायत. फायटिंग गेम्स कितीतरी वर्षांपासून खेळतायत, तेही त्यात त्यांच्यासाठी म्हणून काही वेगळं केलेलं नसताना, कारण दोनच पात्रं एका रेषेत समोरासमोर असतात, प्रत्येक किकला, प्रत्येक पंचला स्वतःचा वेगळा आवाज असतो आणि पात्र डावीकडे सरकलं की आवाजही डाव्या कानात सरकतो. एवढ्यावर लोकांनी अख्खे गेम शिकून घेतले. २०२३ मध्ये स्ट्रीट फायटर ६ आला त्यात हेच मुद्दाम वाढवून दिलं, समोरचा किती लांब आहे याचा आवाज, फटका वर बसला की मध्ये की खाली याचा आवाज, असं बरंच. आणि त्याच वर्षी फोर्झा मोटरस्पोर्टमध्ये अंध ड्रायव्हरसाठी साउंडचा वेगळा संच आला, म्हणजे रेसिंग, जो प्रकार सगळ्यात अशक्य वाटायचा तोच. रस्त्याची कड किती जवळ आली, पुढचं वळण कुठल्या बाजूला आहे, ब्रेक कधी मारायचा हे सगळं कानात येतं आणि गाडी खेळाडू स्वतः चालवतो.

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. गाडी खेळाडू स्वतः चालवतो. कारण बरेच डेव्हलपर ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे अपंगांनाही गेम खेळता येणं, म्हटलं की गेम सोपा करायला घेतात, नेम आपोआप लागतो, पात्र आपोआप चालतं, दार आपोआप उघडतं, आणि शेवटी खेळाडूच्या हातात एक बटण उरतं जे दाबत राहिलं की गोष्ट पुढे सरकते. याला खेळणं म्हणत नाहीत. दिसणाऱ्या खेळाडूला स्क्रीनवरून जी माहिती मिळते ती अंध खेळाडूला कानातून आणि हातातून मिळायला हवी, आणि त्या माहितीचं काय करायचं, उडी मारायची का थांबायचं, हे त्याचं त्याला ठरवू द्यायचं, चुकला तर चुकू द्यायचं, मरू द्यायचं, परत खेळू द्यायचं. खाली जे काही सांगतोय ते सगळं याच अंगाने आहे. सोपा मोड ठेवायचा तर जरूर ठेवा, पण तो सगळ्यांसाठी वेगळी सेटिंग म्हणून, अंध खेळाडूवर लादलेला नको.

आधी कागद, कोड नंतर

तुमच्या गेमची एखाद मिनिटाची रेकॉर्डिंग घ्या, अगदी साधा प्रसंग चालेल, आणि थांबत थांबत बघत जा. खेळाडूने जिथे जिथे काही ठरवलं ते लिहून काढा आणि प्रत्येक निर्णयासमोर लिहा की हे ठरवायला त्याने स्क्रीनवर काय बघितलं. समजा पळत उड्या मारायचा गेम आहे आणि पुढे खड्डा आला. खेळाडूने उडी मारली, पण त्याआधी त्याने काय काय बघितलं? खड्डा आहे हे, तो किती लांब आहे, किती रुंद आहे, पलीकडे जमीन आहे की काटे, आणि वरून काही उडत येतंय का. पाच गोष्टी झाल्या. आता तीच रेकॉर्डिंग डोळे मिटून नुसती ऐका, यातलं काय ऐकू येतं? उडीचा आवाज येतो, पाय टेकल्याचा येतो, नाणं मिळाल्याचा येतो. म्हणजे गेममधले बहुतेक आवाज आधीच घडून गेलेल्या गोष्टीचे असतात, आणि निर्णय घ्यायला लागते ती पुढे काय आहे याची माहिती, ती फक्त चित्रात आहे. ही फट एकदा दिसली की पुढचं काम काय आहे ते स्पष्ट होतं.

मग त्या यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर लिहा की ही माहिती बोलून द्यायची, आवाजाने द्यायची की व्हायब्रेशनने. ढोबळ नियम असा धरा की जिला नाव आहे ती गोष्ट बोलून सांगायची, वस्तूचं नाव, पात्राचं नाव, दारावरची पाटी वगैरे. जी सतत बदलतेय, अंतर, दिशा, वेग, ती आवाजाने, कारण ‘शत्रू डावीकडे चार पावलांवर’ हे वाक्य पूर्ण होईपर्यंत शत्रू चार पावलं चालून आलेला असतो. आणि व्हायब्रेशन सहसा एकटं वापरू नका, सगळ्यांकडे व्हायब्रेट होणारा कंट्रोलर नसतो, त्यामुळे ते आवाजाच्या जोडीला ठेवा. ज्यांना दिसतही नाही आणि नीट ऐकूही येत नाही अशा खेळाडूंसाठी मात्र हीच जोडी फार मोलाची ठरते, म्हणून ती वगळूही नका.

मेन्यू

काम मेन्यूपासून सुरू करा, कितीही कंटाळवाणं वाटलं तरी. लढाईचे आवाज कितीही सुंदर केलेत आणि ‘नवीन गेम’ हे बटणच कोणाला सापडलं नाही तर त्याचा काय उपयोग. आणि इथे एक नेहमीचा घोळ होतो, बोलणारा मेन्यू चालू करायची सेटिंग ही न बोलणाऱ्या मेन्यूच्या चौथ्या पानावर ठेवलेली असते, मग ती चालू करायला कोणीतरी डोळस माणूस शेजारी बसवावा लागतो. तसं करू नका. गेम पहिल्यांदा उघडला की सगळ्यात आधी आवाजातच विचारा, बोलून वाचायला हवंय का, आणि हो म्हणायला एक बटण द्या. कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, चालू आहे का हे ऑपरेटिंग सिस्टीमला विचारता येतं, चालू असेल तर तुम्हीही विचारत न बसता सरळ बोलायला लागा. लोगो, इंट्रो, वय विचारणारी स्क्रीन, अटी-शर्ती, हे सगळं त्या प्रश्नाच्या नंतर.

बोलायचं कसं याचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे खेळाडूचा जो स्क्रीन रीडर आहे त्याच्याकडे मजकूर पाठवून द्यायचा, विंडोजवर एनव्हीडीए किंवा जॉज, आयफोनवर व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक. दुसरा म्हणजे गेमनेच स्वतःच्या आवाजात वाचायचं. माझं मत विचाराल तर जमेल तिथे पहिला रस्ता धरा. रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्याने स्वतःचा आवाज, स्वतःचा वेग लावून ठेवलेला असतो, आणि तो वेग कधी कधी इतका असतो की सवय नसलेल्याला एक शब्द कळत नाही, अशा माणसाला तुमच्या गेमचा सावकाश बोलणारा आवाज म्हणजे शिक्षा आहे. दुसराच रस्ता धरावा लागला तर निदान वेग आणि आवाज बदलता येऊ द्या, आणि वेगाची वरची मर्यादा तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच वर ठेवा.

इंजिनाप्रमाणे, म्हणजे गेम ज्या सॉफ्टवेअरमध्ये बनवताय त्याप्रमाणे, काम कमी-जास्त होतं. रेनपाय वापरत असाल तर नशीबवान आहात, गेम चालू असताना व्ही दाबलं की तो स्वतःच वाचायला लागतो, तुम्ही फक्त चित्रांच्या बटणांना पर्यायी मजकूर द्यायचा. गोडोमध्ये ४ पासून बोलायचं फंक्शन आहे आणि २०२५ मध्ये आलेल्या ४.५ पासून स्क्रीन रीडरचा सपोर्टही आला, पण तुम्ही स्वतः रंगवलेले कंट्रोल असतील तर त्यांना नावं तुम्हालाच द्यावी लागतील. युनिटीत मोबाइलच्या स्क्रीन रीडरसाठी २०२३.२ पासून सोय आहे. विंडोजवर टोल्क नावाची एक छोटी लायब्ररी खूप जण वापरतात, कुठला स्क्रीन रीडर चालू आहे ते ती स्वतः शोधते आणि तुम्ही दिलेलं वाक्य त्याच्याकडे पाठवते. अनरियलमध्येही काही सोयी आहेत, पण कुठल्याही इंजिनात एक गोष्ट तुमच्याच हातात असते, ती म्हणजे स्क्रीनवर दिसणारा मजकूर कोडमध्ये मजकूर म्हणून असायला हवा. बटणावरचं नाव फोटोशॉपमध्ये लिहून चित्र म्हणून टाकलंत की ते कोणालाच वाचता येत नाही. आणि गेम मराठीत असेल तर वाचणाऱ्या यंत्रणेला भाषा मराठी आहे हे कोडमधून सांगा, नाहीतर इंग्रजी आवाज देवनागरी गाळून पुढे जातो किंवा एकेक अक्षर उच्चारत बसतो.

आता मेन्यूत काय बोलायचं. नाव आधी, मग ते काय आहे, मग सध्याची किंमत, मग यादीत कितवं. ‘संगीत, स्लायडर, ७० टक्के, ८ पैकी ३’. याच क्रमाने, कारण अनुभवी माणूस पहिला शब्द ऐकतो आणि नको असेल तर लगेच पुढे जातो, आणि तो पुढे गेला की आधीचं बोलणं त्याच क्षणी तुटलं पाहिजे, संपायची वाट बघायला लावायची नाही. हे एवढं केलं नाही तर बाकी सगळं करूनही मेन्यू चिखलातून चालल्यासारखा वाटतो. उलट कथेतले संवाद मात्र मध्येच तुटता कामा नयेत, म्हणून दोन वेगळ्या रांगा ठेवा, एक तुटणारी, एक न तुटणारी. शेवटचं वाक्य परत ऐकायला एक बटण द्या, आणि मागची दहावीस वाक्यं उलगडून बघता येतील अशी यादीही द्या, लढाईच्या गडबडीत माणसाचं ऐकायचं राहून जातं.

फक्त माउसने चालणारा मेन्यू कामाचा नाही हे वेगळं सांगायला नको, पण तरी सांगतो, कारण दर दुसऱ्या गेममध्ये इन्व्हेंटरी, म्हणजे खेळाडूजवळच्या वस्तूंची यादी, माउसवरच असते. बाण आणि एंटरने, किंवा कंट्रोलरने, प्रत्येक जागी पोचता आलं पाहिजे, आणि यादी संपली की संपल्याचा छोटा आवाज यावा, गुपचूप पहिल्यावर जाऊन बसू नये. आणि सगळंच बोलायचा उत्साहही आवरा. स्कोअर प्रत्येक वेळी बदलला की बोलला तर दोन मिनिटांत माणूस गेम बंद करेल. स्कोअर, जीव, गोळ्या, पैसे हे विचारल्यावर सांगा, प्रत्येकाला एक बटण द्या, आणि जीव खरंच कमी उरला की तेवढं आपोआप, तेही आवाजाने, हृदयाची धडधड वगैरे.

आवाज, म्हणजे खरं काम

यात तीन गोष्टी एकदम सांभाळायच्या असतात, आवाज कशाचा आहे, कुठून येतोय, आणि त्याचा अर्थ काय. पहिल्यासाठी प्रत्येक प्रकारच्या वस्तूला, शत्रूला, धोक्याला वेगळा आवाज हवा, आणि नुसता सूर वर-खाली करून केलेला वेगळेपणा पुरत नाही, पोत वेगळा हवा, म्हणजे एक लाकडी, एक धातूचा, एक फुसफुसणारा असं काहीतरी. पाच शत्रूंना एकच गुरगुर दिली की डोळसाला रंगावरून कळतं कोण कुठला, ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. आणि उभा राहिलेला शत्रूही अधूनमधून काहीतरी आवाज करत असला पाहिजे, श्वास, पाय घासणं, काहीही, कारण जो गप्प आहे तो अंध खेळाडूसाठी तिथे नाहीच.

दिशेचं गणित जरा समजून घ्या म्हणजे सेटिंग लावताना अंधारात चाचपडायला होणार नाही. आवाज एका बाजूने आला की लांबच्या कानाला तो थोडा उशिरा पोचतो, जास्तीत जास्त साधारण ०.७ मिलिसेकंद, आणि थोडा दबूनही पोचतो कारण मध्ये डोकं येतं. मेंदू एवढ्यावरून डावं-उजवं फार अचूक ओळखतो. पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं ओळखायला मात्र कानाच्या पाळीचा आकार उपयोगी पडतो, ती आवाजातल्या वरच्या पट्ट्या, म्हणजे उंच, तीक्ष्ण सुरांचा भाग, बदलते, आणि हेडफोनमध्ये ही पाळीच वगळली जाते. एचआरटीएफ म्हणतात ते तंत्र हे बदल कोडमधून करून दाखवतं, व्हॉल्व्हचं स्टीम ऑडिओ, गूगलचं रेझोनन्स ऑडिओ अशी फुकट साधनं आहेत, जरूर लावा. पण त्यात वापरलेला कान सरासरी माणसाचा असतो, तुमच्या खेळाडूचा नसतो, त्यामुळे पुढे की मागे हा गोंधळ बऱ्याच जणांना होतोच होतो. म्हणून एचआरटीएफवर एकट्यावर भिस्त ठेवू नका. मागून येणारा आवाज मुद्दाम थोडा बोदा करा, वरच्या पट्ट्या कापून, आणि हे सगळीकडे एकसारखं ठेवा म्हणजे खेळाडू ते शिकून घेतो. खेळाडूला मान वळवता येत असेल तर तो स्वतःच जरा वळून खात्री करतो, खऱ्या आयुष्यातही आपण तेच करतो. उंचीसाठी सुराचा वापर करा, वरची वस्तू चढ्या सुरात, खालची उतरत्या, हे नैसर्गिक नाही पण लवकर शिकता येतं.

आणखी एक, जागा ओळखायला लागणारा आवाज शुद्ध शिट्टीसारखा नको. खरखरीत, टकटक, ज्यात वरच्या-खालच्या सगळ्या पट्ट्या आहेत आणि ज्याची सुरुवात टोकदार आहे असा छोटा आवाज कानाला जागेवर पकडता येतो, गोड लांबलेला सूर पकडता येत नाही. संगीतकार मंडळींना हे आवडत नाही, पण इथे कानाची बाजू घ्यावी लागते.

मग येतो गर्दीचा प्रश्न. एकाच वेळी संगीत, पाऊस, सहा शत्रू, संवाद आणि वर स्क्रीन रीडर. तीन-चार महत्त्वाच्या आवाजांच्या पुढे गेलं की सगळाच गोंगाट होतो, त्यामुळे प्राधान्य ठरवा, जवळचा धोका सगळ्यांच्या वर, बाकीचे त्या क्षणापुरते खाली. कोणी बोलत असेल तर संगीत आपोआप हळू झालं पाहिजे. आणि आवाजांचे स्लायडर वेगवेगळे द्या, संगीत, वातावरण, संवाद, दिशा दाखवणारे आवाज, वाचणारा आवाज, प्रत्येकाला आपला. ज्याला एकाच कानाने ऐकू येतं त्याला डावं-उजवं कळणार नाही, त्याच्यासाठी तीच माहिती विचारल्यावर बोलून मिळेल अशी सोय ठेवा.

हे सगळे आवाज खेळाडूने शिकायचे कुठे? लढाईच्या मध्यात नक्कीच नाही. मेन्यूत आवाजांची एक यादी ठेवा, नाव वाचलं जाईल, बटण दाबलं की आवाज वाजेल, खाली एका वाक्यात अर्थ. २०२० मधल्या द लास्ट ऑफ अस पार्ट टूमध्ये असा आवाजांचा कोश आहे आणि तो करायला लागणारी मेहनत तुमच्या गेमच्या बाकी कुठल्याही भागापेक्षा कमी आहे, फायदा मात्र पहिल्या दिवसापासून. यादी नंतरही, गेम थांबवून कधीही उघडता आली पाहिजे.

वाट सापडणं

खरं अडतं ते इथे. लढाई तुलनेने सोपी, कारण शत्रू आवाज करतो, भिंत करत नाही.

मोठ्या त्रिमितीय गेममध्ये काय करता येतं ते बघायचं असेल तर पुन्हा द लास्ट ऑफ अस पार्ट टूच, त्यात साठहून जास्त ॲक्सेसिबिलिटी सेटिंग्ज आहेत आणि त्यातली वाट दाखवायची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. एक बटण दाबलं की कॅमेरा पुढे जायच्या वाटेकडे वळतो आणि त्या दिशेने आवाज येतो, बस, चालायचं खेळाडूने. दुसरं बटण दाबलं की आजूबाजूला एक लाट सोडल्यासारखी सुटते आणि शत्रू आणि वस्तू आपापल्या जागेवरून आवाज देतात, सोनारसारखं. कड्याच्या टोकाला गेलं की आवाज आणि व्हायब्रेशन येतं आणि पात्र तिथे थांबतं. उडी मारण्यासारखी फट, चढण्यासारखी भिंत, वाकून जाण्यासारखं भोक, या प्रत्येकाला वेगळा आवाज. बघा, यातल्या एकाही गोष्टीने खेळाडूचा गेम स्वतः खेळून टाकलेला नाही. कोणाला मुख्य वाट सोडून आधी कोपरे धुंडाळायचे असतील तर तेही करता येतं.

एवढा मोठा पसारा तुम्हाला परवडणार नसेल तर लहान उपायही पुष्कळ आहेत. पावलांचा आवाज जमिनीप्रमाणे बदला, माती, फरशी, पाणी, लाकूड, नुसत्या यानेच खोली बदलली हे कळतं. भिंतीला आपटलं की आपटल्याचा आवाज द्या, आणि भिंतीला घासत चालताना घासल्याचा, म्हणजे माणूस भिंत धरून दार शोधू शकतो. हे दोन नसले की खेळाडू भिंतीत तोंड खुपसून चालत राहतो आणि पावलं वाजतायत म्हणून आपण पुढे जातोय असं समजतो, इतकं साधं आणि इतकं त्रासदायक. कॅमेरा किंवा पात्र अर्धवट कोनात फिरू न देता एका बटणाने नेमक्या आठ दिशांवर वळेल असं करा आणि दिशेचं नाव बोला. दारांना, जिन्यांना, लोकांना जवळ गेल्यावर हळू आवाज द्या. आणि आसपासच्या वस्तूंची यादी द्या, जवळची आधी, त्यातली एक निवडली की ती आवाज देत राहते आणि तिकडे चालत जायचं.

चौकटींचा गेम असेल, शेती, बुद्धिबळ, डंजन असलं काही, तर काम आणखी सरळ होतं. पात्रापासून सुटा एक कर्सर द्या जो चौकटी-चौकटीने फिरतो आणि तिथे काय आहे ते वाचतो. स्टारड्यू व्हॅलीला अंध खेळाडूंसाठी स्टारड्यू ॲक्सेस नावाचा मॉड, म्हणजे कंपनीबाहेरच्या लोकांनी गेमला जोडलेला बदल, आहे, समोरच्या चौकटीत काय आहे ते तो वाचून दाखवतो, आणि तेवढ्यावर लोक शेत नांगरतात, पिकं काढतात, गावभर फिरतात.

हे मॉडचं प्रकरण जरा वेगळं सांगायला हवं. हार्थस्टोन या पत्त्यांच्या गेमसाठीही हार्थस्टोन ॲक्सेस म्हणून असाच मॉड लोकांनीच बनवला. म्हणजे ज्यांना खेळायचं होतं त्यांनी कंपनीची वाट बघितली नाही. तुमचा गेम जुना झालाय आणि तुम्हाला आता त्यात हात घालायला वेळ नाही, तर निदान अशा लोकांची वाट अडवू नका. मजकूर मजकूर म्हणून ठेवा, मॉडला परवानगी द्या, आणि चीट पकडणाऱ्या सॉफ्टवेअरने स्क्रीन रीडरच्या मॉडला चीट समजून खेळाडूला बॅन करू नये याची आधी खात्री करा. आणि छोट्या टीमला जमत नाही असंही म्हणू नका, ब्रॉक द इन्व्हेस्टिगेटर हा मुख्यतः एकाच डेव्हलपरने बनवलेला गेम, २०२२ मध्ये आला आणि पुढच्या वर्षीच्या अपडेटने तो पूर्ण डोळे न वापरता खेळता यायला लागला, तोही कोडी आणि मारामारी दोन्ही असलेला.

लढाई आणि वेळ

हल्ला होण्याआधी आवाज यायला हवा, हल्ला झाल्यावर नाही. डोळस खेळाडूला शत्रूचा उगारलेला हात दिसतो, तर त्या उगारण्याला आवाज द्या, आणि अडवता येणारा हल्ला, चुकवावाच लागणारा हल्ला, यांचे आवाज वेगळे. हात उगारल्यापासून फटका बसेपर्यंतचा वेळ दोघांना सारखाच मिळाला की लढाईची मजा तशीच राहते, वेग कमी करायची गरज सहसा पडत नाही. नेम धरायचा असेल तर लक्ष्य मध्यभागी येत जाईल तसा आवाज बदलू द्या, बरोबर मध्ये आलं की स्पष्ट टक. लॉक करायची, म्हणजे नेम एकाच शत्रूवर धरून ठेवायची, सोय ठेवा पण कोणावर लॉक करायचं हे बदलता येऊ द्या आणि कोणावर झालं ते बोला.

गोष्ट वेळेची आली की एकच पाळा, गेम वाचून दाखवत असताना घड्याळ पळता कामा नये. दहा सेकंदांत उत्तर निवडा असं म्हणून चार लांबलचक पर्याय दिले तर तिसरा वाचून होईपर्यंत वेळ संपते. पर्याय वाचून झाल्यावर वेळ मोजायला सुरुवात करा, किंवा वेळ बंद करायची सेटिंग द्या. तेच ‘पटकन हे बटण दाबा’ वाल्या प्रसंगांचं, कुठलं बटण हे स्क्रीनवर फक्त चित्र असतं, तिथे प्रत्येक बटणाला ठरलेला आवाज द्या.

कथा

कटसीनमध्ये, म्हणजे गेममधल्या नुसत्या बघायच्या दृश्यांत, संवाद नसलेली वीस सेकंदं आली की ऐकणाऱ्यासाठी तिथे फक्त संगीत आणि धाप लागल्याचा आवाज उरतो, कोण मेलं कळत नाही. २०२२ मध्ये आलेल्या द लास्ट ऑफ अस पार्ट वनमध्ये कटसीनला ऑडिओ डिस्क्रिप्शन दिलं होतं, म्हणजे संवादांच्या मधल्या जागेत निवेदक काय घडतंय ते सांगतो. व्यावसायिक आवाज परवडत नसेल तरी वर्णन लिहून ते स्क्रीन रीडरकडून वाचून घ्या, काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं. लिहिताना जे दिसतं तेच आणि वर्तमानकाळात लिहा, ‘ती दाराकडे बघते, चाकू खाली ठेवते’, तिला वाईट वाटतंय हे तुम्ही सांगू नका, ते ऐकणारा ओळखतो. रहस्य असेल तर दिसणाऱ्याला ज्या क्षणी कळतं त्याच क्षणी ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, आधीही नाही. आणि फक्त कटसीनच नाही, नवीन जागी पोचल्यावर एक बटण दाबलं की ती जागा कशी आहे ते दोन ओळींत ऐकू येऊ द्या. तुमच्या आर्टिस्टने आठवडेच्या आठवडे घालून जे गाव रंगवलं ते अंध खेळाडूलाही अनुभवायचं असतं, त्याला फक्त दार कुठे आहे एवढंच हवंय असं समजू नका.

थोडं दिसणाऱ्यांसाठी

अंध म्हटल्यावर संपूर्ण काळोख असं गृहीत धरू नका, बऱ्याच जणांना थोडा प्रकाश, थोडे आकार, मोठे रंग कळतात, आणि ते चित्र आणि आवाज दोन्ही मिळून वापरतात. अक्षरं खूप मोठी करता येऊ द्या, पार्श्वभूमी राखाडी करून शत्रू एका ठळक रंगात आणि वस्तू दुसऱ्या रंगात दाखवणारा मोड ठेवा, आणि स्क्रीनचा भाग मोठा करून बघता येऊ द्या. या सेटिंग्ज एकमेकींना बांधून ठेवू नका, म्हणजे बोलणारा मेन्यू चालू केला की चित्र आपोआप काळं, असलं काही नको. ज्याला जे हवं ते तो घेईल.

तपासणार कोण

एनव्हीडीए फुकट आहे, आजच उतरवून घ्या आणि मॉनिटर बंद करून तुमचाच गेम सुरू करून बघा, पहिल्या पाच मिनिटांत ढीगभर चुका सापडतील. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण तुम्हाला तुमची लेव्हल पाठ आहे, दार कुठे आहे हे तुम्हाला आठवतं, त्यामुळे जे सापडायला नको ते तुम्हाला सापडतं. आणि उलटही, ऐकून वावरायची सवय नसल्यामुळे जे अंध खेळाडूला सहज जमेल ते तुम्हाला अशक्य वाटतं आणि तुम्ही ते उगाच सोपं करून टाकता. म्हणून अंध खेळाडू बोलवा, आणि पैसे देऊन बोलवा, हे काम आहे, उपकार नव्हेत. एकाच माणसावर अवलंबून राहू नका, जन्मापासून न दिसणारा आणि तिशीत दृष्टी गेलेला यांचं नकाशाबद्दलचं बोलणं वेगळं असू शकतं, रोज गेम खेळणारा आणि पहिल्यांदाच खेळणारा यांचं तर असतंच. आणि शेवटच्या महिन्यात नको, ज्या दिवशी पहिली खोली खेळण्यासारखी झाली त्या दिवशी बोलवा, कारण आवाजाची पद्धत नंतर बदलायची म्हणजे अर्धा गेम परत करायचा.

ते खेळत असताना गप्प बसा. अडकले की ‘तिकडे डावीकडे’ असं आपसूक तोंडात येतं, ते येऊ देऊ नका, नेमकं तिथे काय ऐकू यायला हवं होतं ते लिहून घ्या. त्यांचा कंट्रोलर हातात घेऊन करून दाखवणं तर अजिबात नको. खेळून झाल्यावर विचारा की आत्ता तुम्ही कुठे होतात, तुमच्या मागे काय होतं, पुढे जायला तुमच्याकडे काय काय पर्याय होते. हे त्यांना सांगता आलं तर तुमचे आवाज नीट काम करतायत. गेम पूर्ण केला पण कुठे होतो ते सांगता येत नाही, तर समजा की गेमने त्यांना ओढत नेलं.

लिहिलेलं काही हाताशी हवं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स नेटवर मोफत आहेत, टेस्टिंग करताना त्या समोर ठेवता येतात. पण त्या वाचून अंध टेस्टरची जागा भरून निघत नाही.

गेमच्या बाहेरचं

गेम उत्तम केला आणि लाँचरच, म्हणजे गेम सुरू करून देणारा प्रोग्रॅमच, वाचता येत नाही असं फार होतं. इन्स्टॉल करणं, खातं उघडणं, चित्रातली अक्षरं ओळखा म्हणणारा कॅप्चा, पैसे भरायचं पान, हे सगळं स्क्रीन रीडरने एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघा. ऑनलाइन गेम असेल तर चॅट वाचता आणि लिहिता आली पाहिजे, अमेरिकेत तर २०१० च्या कायद्याखाली गेममधल्या चॅटला हे लागू आहे, आधी मिळालेली सवलत २०१८ च्या अखेरीस संपली. आणि मल्टिप्लेअरमध्ये कोणी म्हणालं की अंध खेळाडूला जादा आवाज ऐकू येतात हा अन्याय आहे, तर उपाय साधा आहे, ते आवाज सगळ्यांना चालू करता येऊ द्या.

दुकानाच्या पानावर स्पष्ट लिहा की काय चालतं आणि काय चालत नाही. ‘मेन्यू पूर्ण वाचला जातो, लढाई आवाजावर खेळता येते, तिसऱ्या लेव्हलमधलं आरशांचं कोडं अजून जमलेलं नाही, तिथे ते ओलांडून पुढे जाता येतं’ असं लिहिलेलं पान वाचून माणूस विश्वासाने पैसे देतो, नुसतं ‘ॲक्सेसिबल’ लिहिलेलं वाचून नाही. त्याच पानावर अडचण कळवायचा पत्ता द्या, साधा ईमेल, स्क्रीनशॉट जोडायची सक्ती करणारा फॉर्म नको.

आणि प्रत्येक अपडेटच्या आधी गेम उघडण्यापासून पहिली लेव्हल संपेपर्यंत नुसतं ऐकून एकदा खेळा, हे रिलीजच्या चेकलिस्टमध्येच टाका, कारण नवीन दुकान, नवीन सीझनचं पान, नवीन पॉपअप जोडताना कोणीतरी बटणाला नाव द्यायला विसरतं आणि जो माणूस काल रात्रीपर्यंत खेळत होता त्याला सकाळी पहिल्याच स्क्रीनच्या पुढे जाता येत नाही.